कमलच्या विहिरीतले लवणस्तंभ

हळद शिजत असते तेव्हा आमच्या भागातली हवासुद्धा पिवळी होते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. फाल्गुनाच्या सुरुवातीला वसमतहून कोणत्याही दिशेला निघा, रस्त्याच्या अल्याडपल्याड कुठे ना कुठे वाफेचा एक संथ लोट आभाळाकडे चाललेला दिसतो, आणि मातीचा, ओल्या मुळांचा, किंचित कडवट आणि तरीही भूक चाळवणारा तो वास थेट पदराच्या विणीत जाऊन बसतो. दोनदा धुतलं तरी जात नाही. त्या वासातून, कमलच्या स्कूटीवर मागे बसून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा गच्च धरून, मी एका रविवारी सकाळी शिरड शहापूरच्या पुढच्या तांड्याकडे चालले होते. वय साठीला टेकलेलं, गुडघे केव्हाचे संपावर गेलेले, आणि चालले होते कशासाठी, तर विहिरीत उतरायला! घरी खरं सांगितलं असतं तर सुनेने दाराला कडीच घातली असती. म्हणून 'जुन्या विद्यार्थिनीकडे हळद आणायला जाते' एवढंच सांगून निघाले.

कमलचा फोन तीन दिवसांपूर्वी आला होता. "बाई, मी कमल. तांड्यावरची. वळखलं का?" ओळखलं ना! फार चांगलं ओळखलं. ती घाईघाईने सांगत राहिली, की त्यांच्या जुन्या विहिरीची कमान गळून राहिली आहे, मिस्त्री लावलाय, सोमवारी तो कमानीखालचं सगळं घासून काढणार आणि सिमेंटने लिंपणार. "त्याच्याआधी तुमी एकदा तुमच्या डोळ्यानं पाहून सांगा बाई, ते तेच हाय का न्हाई. माझी पोरगी म्हणते तेच हाय. मी म्हणलं, न्हाई, आमच्या बाई न्हाई म्हणल्या व्हत्या. तर पंधरा दिस झाले, लेकरू माझ्यासंगं धड बोलंना."

'तेच' म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

कमल नववीत होती. मी भूगोल शिकवत असे, आणि भूमिगत पाण्याचं कार्य हा धडा माझा विशेष लाडका. फळ्यावर गुहेचं छत काढायचं, त्यातून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ, खालून उगवत येणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, आणि युगायुगांच्या प्रतीक्षेनंतर दोघांची जिथे गाठ पडते तो अखंड स्तंभ. गुलाबी खडूने छटा भरायच्या, पांढऱ्याने एक थेंब टांगून ठेवायचा. आकृती इतकी सुरेख यायची की पुढच्या तासाचे सर फळा पुसायला कचरत. खरी गोष्ट अशी, की मी स्वतः आयुष्यात एकही लवणस्तंभ पाहिलेला नव्हता. आंध्रातल्या गुहा पाहायला जायचं असं आम्ही नवराबायको दर उन्हाळ्यात ठरवत होतो आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी लग्न निघत होतं.

तर त्या दिवशी आकृती पूर्ण झाली आणि मागच्या बाकावरून कमल उभी राहिली. "बाई, हे आमच्या विहिरीत हायेत." मी हसले. "अगं कमल, विहिरीत बेडूक असतात!" वर्ग खो-खो हसला, मलाही माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं, आणि मग मी गंभीर होऊन तिला समजावलं, की आपला सगळा हिंगोली परिसर काळ्या बेसाल्टचा, इथे चुनखडक नाही, आणि जिथे असतो तिथेही या गोष्टींना हजारो वर्षं लागतात, तेव्हा उगाच कल्पना लढवू नकोस. ती हळू आवाजात पुन्हा म्हणाली, "हायेत, बाई." मी म्हटलं, बस खाली. ती बसली, आणि त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला तिचा हात वर आला नाही. हे मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं आता म्हणणं खोटेपणाचं होईल. तांडा शाळेपासून पायी तासाभराच्या अंतरावर होता. एक रविवार पुरला असता.

कमल आईबापांची एकुलती एक. लग्न झाल्यावर नवराच इकडे राहायला आला, आणि बापामागे रान आणि विहीर दोन्ही तिच्याकडे आली. विहीर तांड्याच्या खालच्या अंगाला, नुकत्याच काढलेल्या हळदीच्या रानाला लागून. पूर्वी ती गावच्या देशमुखांची होती. कमलच्या बापाने जमीन घेतली तेव्हा जमिनीबरोबर आली. घडीव काळ्या दगडांच्या पायऱ्या खाली उतरत जातात, मध्यावर एक रुंद कमान आहे, आणि तिच्या पोटाखालून गेलं की पुढे पाणी. अशा देशमुखी विहिरीच्या पायऱ्या माझ्या माहेरच्या कुणी कधी उतरल्याचं ऐकिवात नाही. आमच्या बायका लांब घागर ठेवून कुणी ओतेल याची वाट पाहत उभ्या राहायच्या. मी उतरले. काठी टेकत, भिंत धरत, शेवटच्या सात-आठ पायऱ्या तर चक्क बसून सरकत उतरले, पण उतरले. खाली हबीब मिस्त्री आधीच येऊन बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला गमछा, पायाशी थापी आणि घासायचा लोखंडी ब्रश. "संभालून बाई," ते म्हणाले, "इथं शेवाळ हाय." मग त्यांनी बोट वर केलं.

मी वर पाहिलं.

ऊन नुकतंच माथ्यावर येऊन विहिरीत उतरू लागलं होतं आणि पाण्यावर आपटून उलट वर, कमानीच्या पोटावर जात होतं. काळ्या दगडांच्या सांध्यासांध्यांतून, ओळींनी, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या बारीक शुभ्र नळ्या लोंबत होत्या. काही करंगळीएवढ्या, काही वीतभर, एखादी त्याहून लांब, आणि पाण्यावरून परतलेला तो हलता उजेड त्यांच्यामधून असा वाहत होता की त्या स्वतःच किंचित झुलत आहेत असा भास व्हावा. कडेच्या भिंतीवरून पाणी जिथे पसरत आलं होतं तिथे दुधावरच्या सायीसारखी एक घडी पडली होती, तिला चुण्या होत्या आणि चुण्यांच्या कडांना फिकट केशरी झाक होती. खाली पायरीवर, बरोबर थेंबांच्या वाटेत, बत्ताशाएवढे पांढरे उंचवटे आले होते, आणि दगडाच्या एका झिजलेल्या खळग्यात, थेंबांनी सतत गोल गोल फिरवलेले, साबुदाण्यासारखे पाच-सहा गुळगुळीत मणी होते. अधोमुखी, ऊर्ध्वमुखी, आणि ज्यांना गुहामोती म्हणतात तेसुद्धा. ज्याच्यासाठी मी आंध्रात जाणार होते ते सगळं इथे, तासाभराच्या वाटेवर, मी फळ्यावर गुलाबी खडू उगाळत होते तेव्हाही होतंच की! आनंदाने माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी इतकी शरम वाटली की कमलकडे पाहवेना.

कसं घडलं असेल हे, याचा उलगडा मात्र डोळ्यांदेखतच होता. कमानीच्या माथ्यावर हात दीड हात काळी माती, तिच्यावरून कमलच्या हळदीला जाणारा पाट. हळदीला पाणी फार लागतं. पावसाळा सरला तरी पाट वाहतच असतो, आणि त्यातलं थोडं थोडं पाणी मुकाट्याने खाली मुरतं. मुळं मातीत श्वास टाकतात, तो श्वास पोटात घेऊन पाणी जरासं आंबूस होतं. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच, शिवाय कमानीच्या सांध्यांत जुन्या कारागिरांनी भरलेला चुना. ते आंबूस पाणी वाटेतला चुना विरघळवत कमानीच्या पोटाशी येतं आणि थेंब होऊन लोंबतं. तिथे त्याला मोकळी हवा भेटते. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं, आतला तो श्वास निघून जातो, मग सोबत आणलेला चुना पाण्याला पेलवत नाही, आणि थेंब गळण्याआधी आपल्या कडेला नखाहूनही पातळ असं पांढरं कडं ठेवून जातो. त्या कड्याखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं. नळीच्या पोटातून पुढचा थेंब यायचा, टोकाशी थबकायचा, जायचा. चुनखडकाचे डोंगर लागतात हे मी शिकवलं ते पुस्तकापुरतं ठीक होतं. माणसांनी बांधलेली एक कमान आणि तिच्यावर पिकणारी हळद मिळून तेच काम करू शकतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मीबी फसलो ह्याच्यापायी," मिस्त्री म्हणाले. काल संध्याकाळी तंबाखू मळायला घेतली आणि चुन्याची डबी घरी राहिलेली. वर एवढा पांढराशुभ्र चुना लटकून राहिलाय, मग डबी कशाला पाहिजे, म्हणून त्यांनी एक कांडी मोडली, चुरली आणि तंबाखूत टाकली. "लगाच नहीं बाई! जिभेला काही न्हाई, निस्ती दाताखाली खरखर. असला बेईमान चुना जिंदगीत पाहिला न्हाई."

"अहो मिस्त्री, काय केलंत हे!" मी ओरडलेच, आणि लगेच मला हसू आवरेना, कमलही पदर तोंडाला लावून हसत होती. उरलेला तुकडा त्यांनी रुमालात जपून ठेवला होता. मी तो उजेडाकडे धरला. आरपार भोक, कवच अंड्याच्या टरफलाइतकं पातळ, आणि मोडलेल्या कडेवर साखरेसारखी चमक. मी त्यांना सांगितलं, की तंबाखूचा चुना भट्टीत भाजून, पाण्यात विझवून झालेला असतो, म्हणून तो जिभेला चावतो. हा भाजलेला चुना केव्हाचा निवून, हवेतला श्वास परत घेऊन पुन्हा दगड झाला आहे. मिस्त्रींनी दाढी खाजवली. त्यांचे वडील चुन्याच्या घाणीवर बैल हाकायचे. "म्हंजी भट्टीत जायाच्या आधी जसा व्हता, तसा झाला म्हना की परत," ते म्हणाले. तीस वर्षं शिकवून मला हे इतक्या सोप्या वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

मग मी कमलकडे वळले. मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "कमल, हे लवणस्तंभच आहेत. नववीत तू सांगितलंस ते बरोबर होतं. चुकले मी. आणि पाहायला न येता चुकले, हे जास्त वाईट."

ती पायाच्या अंगठ्याने पायरीवरचं शेवाळ खरवडत राहिली. "मग मी बराबर व्हते," एवढंच, आणि तेही मला उद्देशून नव्हे. थोड्या वेळाने तिने सांगितलं, की त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट विहिरीवर आली होती. "डोळ्याला तर तेच दिसायचं, बाई, तुमी फळ्यावर काढलेलं. पर तुमी न्हाई म्हणल्या. मग मी त्याला मेण म्हणायला लागले. लगीन झाल्यावर मालकाला दाखवलं, तवाबी मेणच म्हणलं. लेक अश्विनी म्हणाली तवा तिच्यावर वरडले, की लई शहाणी झालीस का." मेण! इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एका मुलीला वर्गात हसले आणि तिला वाईट वाटलं. तेवढंच असतं तरी बरं झालं असतं. मी तिला तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस असं शिकवलं होतं, आणि ते तिने बिचारीने मनापासून पाठ करून पुढे लेकीलाही शिकवायला घेतलं होतं. मला रडू आलं. मिस्त्री पाण्याकडे पाहत राहिले, हा त्यांचा सज्जनपणा.

आता प्रश्न सोमवारचा होता. मिस्त्रींचं म्हणणं साधं आणि खरं होतं. हे जे सुंदर दिसतंय तो कमानीच्या सांध्यांतला चुना आहे. जेवढा खाली आला तेवढी वर पोकळी झाली. "कमानीचा जीवच हा असा थेंब थेंब खाली येऊन राहिलाय, बाई. उद्या एखादा दगड निसटला अन् खाली ही पाणी शेंदायला आली असली तर?" एका मोठ्या व्याख्यानाची वाक्यं भराभर ओठांशी जमा झाली, निसर्गाचा ठेवा वगैरे वगैरे, आणि ती मी तिथेच दाबली. या विहिरीवर कमलचं रान पिकतं. तिच्याबद्दल एकदा मी परस्पर निकाल दिला होता, तेवढा पुरे. मी एवढंच म्हटलं, "मिस्त्री सांगतात ते खरं आहे, कमल. तू ठरव."

कमलने वर पाहिलं. मग तिने मिस्त्रींना विचारलं, "काहून, वरून न्हाई करता यायचं का? खालून हात न लावता?" मिस्त्रींनी गमछा सोडला, पुन्हा बांधला. वरून करता येतं, ते म्हणाले. माथ्याची माती काढायची, सांधे धुऊन त्यांत चुना भरायचा, आणि पाट लांबून फिरवून न्यायचा. पण सिमेंटचं काम एका दिवसाचं, याला आठ-दहा दिवस लागतील, वर तकलीफ निराळी. "लागू द्या," कमल म्हणाली. "माती आमी दोघं काढू. तुमी ब्रश पिशवीत ठेवा." मी तिला सांगून ठेवलं, की पाट हलला म्हणजे पाणी तुटेल आणि यांची वाढ जवळपास थांबेल, पावसाळ्यात मुरेल तेवढंच. "पावसाळ्यात तर यील की थोडं? मग बस झालं," ती म्हणाली, आणि मलाही ते बस वाटलं. मिस्त्रींनी ब्रश पिशवीत टाकला आणि माझ्याकडे पाहून हसले.

अश्विनी आता नववीत आहे, हिंगोलीला वसतिगृहात राहते, आणि रविवारी दुपारी तिथे मुलींना घरच्यांशी फोनवर बोलू देतात. आम्ही वर आलो, कडुलिंबाखाली बसलो, कमलने फोन लावला आणि मुकाट्याने माझ्या हातात दिला. मी नाव सांगितलं, आईच्या शाळेतल्या बाई म्हणून ओळख सांगितली, आणि म्हटलं, की मी आत्ताच तुमच्या विहिरीतून वर आले, ते लवणस्तंभच आहेत, तू म्हणतेस ते अगदी बरोबर. मग त्या नववीतल्या पोरीने अगदी साधेपणाने, जराही आगाऊपणा न करता विचारलं, "मॅडम, तुम्ही आईला नाही म्हणालात तेव्हा विहीर पाहिली होती का?"

"नाही."

"मग कसं सांगितलं?"

"पुस्तकावरून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? खोटं बोलायचं वय आता उरलं नाही.

कमलने फोन परत घेतला. "अश्विनी, तू बराबर व्हतीस, बाय. माझं चुकलं," ती म्हणाली, सहज, जेवलीस का विचारावं तसं. जे वाक्य उच्चारायला मला एवढी वर्षं आणि गुडघ्यांचे एवढे हाल लागले, ते ही बाई एका दमात बोलून मोकळी झाली! फोनमधून पोरीचा आवाज धबधब्यासारखा सुरू झाला. पंधरा दिवसांचं साचलेलं सगळं, मेसमधली भाजी, मैत्रिणीचं भांडण, चाचणीचे गुण, आणि कमल डोळे मिटून नुसती 'व्हय, व्हय' करत ऐकत होती. मी कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली. पलीकडच्या शेतातून वाफेचा वास येत होता, पानगळीने विरळ झालेल्या फांद्यांतून ऊन गाळून येत होतं, आणि फार दिवसांनी मला कुठेही जायची घाई नव्हती.

फोन ठेवून कमल माझ्याजवळ येऊन बसली. नाकावरचा घाम पुसला, जरा अडखळली, आणि मग म्हणाली, "बाई, आणिक एक इचारू? बांधाच्या पल्याड नाल्यात दगड फुटला की आत पोकळी निघते, अन् तिच्यात हिरवं-पांढरं फुलल्यावानी काहीतरी असतं. ते काय हाय?"

'अगं, त्या गारगोट्या,' हे शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले होते. पुढची तीन वाक्यंसुद्धा तयार होती. मी ओठ मिटले. काठी चाचपली, कमलच्या हाताचा आधार घेतला आणि उठले.

"मला माहीत नाही," म्हटलं. "चल, दाखव."